कॅमेरा चालू, दिवा हिरवा, पण फोटो जुनाच: इन्स्पेक्शन सिस्टिम गुपचूप चुकते ते कमी खर्चात कसं पकडलं

आधी प्रॉब्लेम सांगतो. प्रेस शॉपमधून येणारे पत्र्याचे छोटे जॉब, प्रत्येकाला सहा भोकं, खालून बॅकलाईट, वरून कॅमेरा, सेकंदाला दहा जॉब जातात आणि एखादं भोक बुजलेलं असलं किंवा पाडलंच नसलं तर हवेचा फटका मारून तो जॉब रिजेक्टच्या ट्रेमध्ये. दीड वर्ष काही तक्रार नव्हती. मग आठवड्यातून एक-दोनदा असं व्हायला लागलं की दहा मिनिटं, कधी अर्धा तास, सिस्टिम समोर येईल त्या जॉबला पास म्हणत सुटते. स्क्रीन हिरवी, लॉगमध्ये एक एरर नाही, पीएलसीकडे, म्हणजे लाईन चालवणाऱ्या कंट्रोलरकडे, हार्टबीट (मी जिवंत आहे असं सांगणारा सिग्नल) व्यवस्थित जातोय. कळलं ते पॅकिंगच्या टेबलावरच्या मावशींमुळे, त्यांच्या हाताला पाच भोकांचा जॉब लागला. "दादा, तुमचं मशीन झोपलंय बघा." रिस्टार्ट केलं, चालू. आणि रिस्टार्ट केल्यावर चालू होतं ना, तिथेच घोळ होतो, कारण मग पुढे शोधायला कोणालाच वेळ नसतो.

आम्ही पण तेच केलं. केबल बदलली, स्विच बदलला, रात्रभर रॅमची टेस्ट लावली, काही निघालं नाही. कोणीतरी म्हणालं उन्हाळ्यामुळे होतंय, मग पीसीच्या मागे टेबलफॅन लावला. चौथ्या दिवशी परत तेच.

इमेज प्रोसेसिंगमध्ये एक वाईट गोष्ट आहे. बाकी कुठलाही डेटा बिघडला की काहीतरी ओरडतं, फाईल उघडत नाही, आकडा मर्यादेबाहेर जातो, प्रोग्राम पडतो. फोटोचं तसं नसतं. फोटो म्हणजे ० ते २५५ मधले आकडे, आमच्याकडे २४४८ गुणिले २०४८ म्हणजे साधारण ५० लाख आकडे, आणि ते कसेही असले तरी तो फोटोच असतो. काळा असला तरी फोटो, अर्धा कालचा अर्धा आजचा असला तरी फोटो. अल्गोरिदम त्यावर इमानदारीत चालतो आणि उत्तर देतो. त्यामुळे इथे बिघाड आपोआप समोर येत नाही, तो शोधायची सोय आपणच करून ठेवायला लागते.

पण ती सोय करायला वेळ कुठे आहे? हिशोब बघा. एका जॉबला १०० मिलिसेकंद. छोटा बिनपंख्याचा पीसी, त्यावर अल्गोरिदमलाच ८० ते ८५ जातात. पीएलसीशी बोलायला आणि व्हॉल्व्ह वेळेत उघडायला ८ एक. हातात राहिले ७ ते १२ मिलिसेकंद, आणि ते पण सगळे खाऊन टाकले तर एखाद्या दिवशी विंडोजला शिंक आली की जॉब सुटणार. म्हणून पुस्तकातला उपाय, म्हणजे सगळं दोनदा चालवा आणि उत्तरं जुळवून बघा, हा पहिल्याच मिनिटाला बाद. आणि परवडला असता तरी आमच्या केसमध्ये उपयोग शून्य होता, कारण जुन्याच फोटोवर दोनदा अल्गोरिदम चालवला तर दोन्ही वेळा तेच चुकीचं उत्तर अगदी तंतोतंत जुळणार.

म्हणून मी स्वतःला २ मिलिसेकंदाचं बजेट दिलं आणि त्यात काय काय बसतं ते बघत गेलो.

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे नंबर जुळवणं. जॉब आला की फोटोसेन्सर पीएलसीला सांगतो, पीएलसी एक आकडा वाढवतो आणि कॅमेऱ्याला ट्रिगर देतो. कॅमेरा प्रत्येक फ्रेमबरोबर, म्हणजे फोटोबरोबर, आपला नंबर पाठवतोच, तो एवढी वर्षं आमच्याकडे येत होता आणि आम्ही तो वाचतच नव्हतो. आता निकालाबरोबर फ्रेमचा नंबर परत पीएलसीला जातो, आणि पीएलसीच्या आकड्याशी त्याचा फरक जसा सुरुवातीला होता तसाच नसेल तर निकाल काहीही असो, जॉब रिजेक्ट. खर्च चार बाईट आणि एक वजाबाकी.

इथे मी तोंडावर पडलो ते पण सांगतो. हे चालू केल्यावर दुसऱ्याच दिवशी अलार्म वाजायला लागला, लाईन सलग चालली की साधारण पावणेदोन-दोन तासांनी एकदा, आणि बघावं तर सगळं ठीक. तीन दिवस डोकं धरून बसलो. गिगई व्हिजन हे नेटवर्क केबलवरच्या इंडस्ट्रियल कॅमेऱ्यांचं स्टँडर्ड, त्याच्या जुन्या, म्हणजे १.क्ष आवृत्तीच्या कॅमेऱ्यात फ्रेमचा नंबर १६ बिटचा असतो, ६५५३५ पर्यंत जातो आणि मग परत सुरू होतो, इथपर्यंत मला माहीत होतं. पण तो शून्यावर येत नाही, थेट १ वर येतो, शून्य राखीव आहे. मी आपला ६५५३६ ने भागून बाकी काढत होतो, म्हणून प्रत्येक फेरीला एकाचा फरक पडायचा. सेकंदाला १० जॉब म्हणजे ६५५३५ जॉबना एक तास एकोणपन्नास मिनिटं, बरोबर तेवढ्यानेच वाजत होता. २.० पासून नंबर ६४ बिटचा करता येतो, तिथे हा ताप नाही. पण तोपर्यंत ऑपरेटरने बझरवर चिकटपट्टी लावून टाकली होती, आणि त्याला दोष कसा देणार.

दुसरी गोष्ट, फोटो नवीन आहे का. सेन्सरमध्ये थोडा तरी नॉईज असतोच, त्यामुळे तोच जॉब तिथेच ठेवून दोन फोटो काढले तरी ५० लाख पिक्सेल सगळेच्या सगळे सेम येणं व्यवहारात होत नाही. म्हणजे मागच्या फ्रेमचा आणि या फ्रेमचा सीआरसी, म्हणजे सगळ्या आकड्यांवरून काढलेला एक छोटा तपासणीचा आकडा, सारखा आला तर फोटो जुनाच आहे. पूर्ण फोटोचा काढायची गरज नाही, दर सोळावी ओळ घेतली की १२८ ओळी, तीन लाखांच्या आसपास बाईट, आणि इंटेलच्या प्रोसेसरमध्ये सीआरसीची इन्स्ट्रक्शनच असते त्यामुळे एक मिलिसेकंद पण लागत नाही. एक लक्षात ठेवा, ती इन्स्ट्रक्शन सीआरसी-३२सी काढते, झेडलिब वगैरे लायब्ररींमधला सीआरसी-३२ वेगळा, दोन्हीचं उत्तर जुळत नाही, एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला तो लावला तर दिवसभर भूत शोधत बसाल.

यात दोन खड्डे आहेत. बॅकलाईटवर एक्स्पोजर जास्त असलं की मागचा सगळा भाग सपाट २५५ होतो आणि तिथे नॉईज दिसतच नाही, नमुन्याच्या ओळी नेमक्या तिथून गेल्या तर दोन खरे फोटो पण सारखे वाटतात. आम्ही एक्स्पोजर कमी करून मागचा भाग २१० च्या आसपास आणला, भोकांच्या कडा पण त्याने बऱ्या दिसायला लागल्या. दुसरा खड्डा म्हणजे आयपी कॅमेरा. तिथे व्हिडिओ कॉम्प्रेस होऊन येतो, समोर काही हललं नाही तर एन्कोडर मागचेच ब्लॉक उचलून देतो आणि खरी ताजी फ्रेम पण जुन्यासारखीच निघू शकते, तिथे या चेकवर विसंबू नका, टाईमस्टॅम्प बघा.

तिसरी गोष्ट एकदम गावठी आहे पण मला फार आवडते. बॅकलाईटच्या एका कोपऱ्यावर, जिथे जॉब कधी येत नाही, तिथे ग्रे फिल्मचा नखाएवढा तुकडा चिकटवला. प्रत्येक फोटोत तिथल्या ६४ गुणिले ६४ पिक्सेलची सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन काढायचं, ४०९६ आकडे, वेळ मोजण्याइतका पण लागत नाही. सरासरी हळूहळू खाली येतेय म्हणजे एलईडी म्हातारा झाला किंवा काचेवर तेलाची वाफ बसली. एकदम पडली म्हणजे दिव्याची वायर. डेव्हिएशन शून्य झालं म्हणजे तो फोटोच नाही, कोणीतरी मेमरीत सरसकट एकच आकडा भरलाय. फक्त मर्यादा पहिल्या दिवशीच घट्ट लावू नका. सकाळी एलईडी थंड असतो तेव्हा उजेड जास्त असतो, तापला की उतरतो. आठवडाभर नुसते आकडे लिहून ठेवा मग ठरवा.

आता मूळ बिघाड. नंबरांचा चेक लावल्यावर पाचव्या दिवशी दुपारी अलार्म वाजला, पळत गेलो, तर पीसीला पेनड्राईव्ह लावलेला. सुपरवायझर साहेब कस्टमरला पाठवायला रिजेक्टचे फोटो कॉपी करत होते. आणि एकदम ट्यूब पेटली, प्रत्येक वेळी हेच होत असणार.

झालं असं होतं. कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरकडे फोटो उतरवायला १० बफर, म्हणजे मेमरीतल्या १० जागा. फोटो आला की आमचा प्रोग्राम तो तपासतो आणि फोटो सेव्ह करणाऱ्या थ्रेडच्या (प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग) रांगेत टाकतो, सेव्ह झाला की बफर ड्रायव्हरला परत. पण रांगेत फोटोची कॉपी जात नव्हती, तोच बफर जात होता. पेनड्राईव्ह लागला की त्याच डिस्कवरून भसाभस वाचन सुरू, सेव्ह करणं रेंगाळलं, दहाच्या दहा बफर रांगेत अडकले, ड्रायव्हरकडे नवीन फोटो ठेवायला जागाच नाही, मग तो फ्रेम टाकून द्यायला लागला. तपासणारा थ्रेड ५० मिलिसेकंद थांबायचा, काही आलं नाही तर एक्सेप्शन यायचं, आणि तिथे आपल्याच एका शहाण्याने लिहून ठेवलेलं, एक्सेप्ट, पास, म्हणजे एरर आली तर काही न करता पुढे जा. शहाणा म्हणजे मीच, दोन वर्षांपूर्वीचा. त्यामुळे फ्रेम नावाच्या व्हेरिएबलमध्ये आधीचा फोटो तसाच पडून, त्यावर अल्गोरिदम, त्यात सहा भोकं, पास. कॉपी संपली किंवा रिस्टार्ट केलं की रांग मोकळी आणि सगळं सुरळीत.

एरर नाही दिसली कारण ती आम्हीच गिळली. आणि हार्टबीट? तो वेगळ्या थ्रेडमधून दर सेकंदाला जात होता, त्या थ्रेडला दुसरं काही कामच नव्हतं. तो थ्रेड जिवंत आहे एवढंच पीएलसीला कळत होतं. तपासणी चालू आहे की नाही याच्याशी त्याचा संबंधच नव्हता.

हे दुरुस्त करताना मी घाईत अजून एक घोळ घातला. म्हटलं बफर लवकर परत देऊ, म्हणजे अडकणार नाही, आणि सेव्ह व्हायच्या आधीच ड्रायव्हरला देऊन टाकला. दोन दिवसांनी सेव्ह केलेल्या फोटोंमध्ये वरचा अर्धा जॉब एक आणि खालचा अर्धा दुसराच, भोकं सात. पायथॉनमध्ये नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा अ‍ॅरे घेतला म्हणजे कॉपी झाली असं नसतं, कित्येकदा तो त्याच मेमरीवरची खिडकी असतो, खाली ड्रायव्हरने नवीन फोटो लिहिला की तुमच्या हातातला फोटो पण बदलतो. हे पकडायची युक्ती बिनखर्चाची निघाली. नमुन्याच्या १२८ ओळींचा सीआरसी आपण सुरुवातीला काढतोच आहोत, तोच तपासणी संपल्यावर परत काढायचा आणि सेव्ह झाल्यावर परत एकदा. बदलला असेल तर मधे कोणीतरी त्या मेमरीत लिहिलं. शेवटी काय केलं तर फोटो आला की लगेच कॉपी, बफर लगेच परत, आणि सेव्हची रांग भरली तर फोटो सेव्ह करायचा नाही, तपासणी मात्र सोडायची नाही. ५० लाख बाईटच्या कॉपीला आमच्या पीसीवर एक मिलिसेकंदाच्या आसपास जातो, आधी तोच वाचवायला हा सगळा उपद्व्याप केला होता.

इथपर्यंत फोटो पोचतोय की नाही ते झालं. आकडेमोडच चुकली तर? त्याच्यासाठी एक जुनी सुंदर आयडिया आहे, १९८४ मध्ये हुआंग आणि अब्राहम यांनी मॅट्रिक्सच्या गणितासाठी मांडलेली, की उत्तर तपासायला गणित परत करू नका, बेरजेचा नातेसंबंध तपासा. फिल्टरला ती छान लागू पडते. तीन बाय तीनचा स्मूदिंग फिल्टर घ्या, म्हणजे प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यांबरोबर मिसळणारा, १ २ १, २ ४ २, १ २ १, सगळ्यांची बेरीज १६. मग फिल्टर लावल्यावर येणाऱ्या सगळ्या पिक्सेलची बेरीज मूळ फोटोच्या बेरजेच्या बरोबर १६ पट यायला पाहिजे. दोन बेरजा आणि एक गुणाकार, फिल्टर परत चालवायचा नाही. अटी मात्र आहेत. कडेच्या पिक्सेलचा हिशोब नीट लावायला लागतो, बाहेर शून्य धरून उत्तर एक-एक पिक्सेल मोठं ठेवलं तर अगदी तंतोतंत जुळतं. १६ ने भागणं आणि राऊंडिंग बेरजेनंतर. मधे कुठे २५५ वर कापलं जात असेल तर समीकरण मोडतं. फ्लोटमध्ये असाल तर थोडी सूट ठेवायला लागते, इंटिजरमध्ये ती पण नको. न्यूरल नेटवर्कमध्ये पण प्रत्येक कन्व्होल्यूशन थरावर, म्हणजे असेच फिल्टर लावणाऱ्या थरावर, हे चालतं, फक्त रेलूच्या (ऋण आकडे शून्य करणाऱ्या पायरीच्या) आधी बघायचं, नंतर नाही.

आम्ही तेवढाही वेळ देत नाही. फोटोचे आठ पट्टे केलेत, प्रत्येक जॉबला एकच पट्टा तपासतो, आठ जॉबमध्ये फेरी पूर्ण. कायमचा बिघाड असेल तर एका सेकंदात सापडतो, मेमरीतला एखादा बिट क्षणभर पलटला (० चा १ झाला) तर सुटू शकतो, ते मान्य करून चाललोय. खरं सांगायचं तर हा चेक आजवर एकदाच वाजला, आणि तेव्हा हार्डवेअर नव्हतं बिघडलं, कोणीतरी मधला बफर १६ बिटचा ८ बिट करून ठेवला होता.

बिट पलटण्याबद्दल लोक विनाकारण पिक्सेलची काळजी करतात. एक भोक आमच्याकडे नऊशे पिक्सेलच्या आसपास आहे, त्यातला एक उलटा झाला तर निकालाला ढिम्म फरक पडत नाही. पण थ्रेशोल्डच्या (काळं कुठे संपतं, पांढरं कुठे सुरू होतं त्या मर्यादेच्या) आकड्यातला वरचा बिट पलटला, किंवा भोक कुठे शोधायचं त्या कोऑर्डिनेटमधला, तर पुढचा प्रत्येक निकाल चुकीचा, रिस्टार्ट होईपर्यंत. साध्या पीसीत ईसीसी रॅम, म्हणजे पलटलेला बिट स्वतः दुरुस्त करणारी रॅम, सहसा नसते आणि हे आकडे महिनोनमहिने मेमरीत पडून असतात. म्हणून रेसिपीचे, म्हणजे तपासणीच्या सेटिंगचे, जे दोनशे-सव्वादोनशे आकडे आहेत त्यांचा सीआरसी प्रत्येक जॉबला, खर्च नगण्य. नेटवर्क वापरत असाल तर वेट्सचा (नेटवर्कने शिकलेल्या आकड्यांचा) सीआरसी दोन जॉबच्या मधल्या वेळात एकेक थर करून काढा. व्हॉयेजर १ यान नोव्हेंबर २०२३ पासून महिनोनमहिने अर्थहीन डेटा पाठवत होतं ते आठवत असेल, तिथे डेटा सिस्टिमच्या मेमरीतला जेमतेम ३ टक्के भाग खराब झाला होता.

मग हार्टबीट. आता तो बिट फक्त एकाच ठिकाणी बदलतो, निकाल लागून सगळे चेक पास झाल्यावर, शेवटच्या ओळीत. लाईन रिकामी असेल तेव्हा काय, जॉबच नाही तर हार्टबीट नाही आणि पीएलसी ओरडणार. त्या वेळात पीसी साठवलेले १२ फोटो एकेक करून त्याच रस्त्याने पाठवतो, ४ चांगले ८ खराब, प्रत्येकात वेगळी खोट, आणि उत्तर ठरलेलं आलं तरच बिट बदलतो. खराब जास्त का, तर सगळ्याला पास म्हणणारी सिस्टिम चांगल्या फोटोंवर शंभर टक्के बरोबरच असते. फोटो जेपेगमध्ये ठेवू नका, कच्चेच ठेवा. यात कॅमेरा आणि लेन्स तपासले जात नाहीत, त्यासाठी शिफ्टच्या सुरुवातीला लाल रंग मारलेला खराब जॉब प्रत्यक्ष लाईनवर टाकायचा. बऱ्याच सेन्सरमध्ये टेस्ट पॅटर्न पण असतो, रास्पबेरी पायच्या दुसऱ्या कॅमेऱ्यातल्या आयएमएक्स२१९ मध्ये कलर बार आहेत, केबल आणि ड्रायव्हर तपासायला ते झकास.

आणि हे सगळं लावलं म्हणून गप्प बसू नका, मुद्दाम मोडून बघा. मी एका रविवारी चालू लाईनवर केबल उपटली, लेन्सवर हात धरला, डिस्क भरून टाकली, प्रोग्रामला तीच फ्रेम परत परत दिली, रेसिपीतला एक आकडा मेमरीत बदलला, पेनड्राईव्ह लावला. पहिल्या फेरीत डिस्क भरल्यावर अलार्म वाजलाच नाही, कारण अलार्म आधी लॉगमध्ये लिहायचा प्रयत्न करत होता आणि तिथेच अडकत होता. आता आधी पीएलसीचा बिट, मग लॉग. सगळे चेक मिळून दीड ते पावणेदोन मिलिसेकंदात बसतात, कॉपीचा एक वेगळा.

एक बदल कोडच्या बाहेरचा. आधी स्क्रीनवर "एरर १७" यायचं, ऑपरेटर रिसेट दाबायचा आणि पुढे. आता येतं, "फोटो जुना आहे, मागचे २० जॉब बाजूला काढा", "दिवा कमी झालाय, काच पुसा", "सेटिंग बदललंय, मेंटेनन्सला बोलवा". नंबरांची चूक दुरुस्त केल्यापासून खोटा अलार्म एकदाही वाजला नाहीये. बझरवरची चिकटपट्टी गेल्या महिन्यात कोणीतरी काढली, मी नाही काढली.